मूठभर धान्य, तासभर सभा

१९०५ हे साल बुलडाणा जिल्ह्याच्या इतिहासात एका सरकारी फेरबदलासाठी नोंदले गेले आहे. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि तोवर अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके बुलडाण्याला जोडले गेले. शेगाव त्या वेळी खामगाव तालुक्यातच होते, म्हणून तेही इकडे आले. घाटाखालचे मलकापूर आधीपासून आपलेच होते; आता खामगावची मोठी कापूसपेठही जिल्ह्यात आली. घाटावरचा आणि घाटाखालचा अशी जी जोडी आपण आज सहज बोलून जातो, तिला पुरा आकार आला तो तेव्हा.

त्याच वर्षी दूर आणखी दोन घटना घडल्या. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात चार ओळखीचे लोक एका कचेरीत जमले आणि रोटरी क्लबची पहिली बैठक झाली. १२ जून १९०५ रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. या दोन्ही गोष्टींची बुलडाण्यात कोणाला त्या दिवशी खबरही नसेल. पण आज जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, बुलडाणा यांसारख्या गावांत एखाद्या संध्याकाळी डॉक्टर, वकील, प्राध्यापक, जिनिंगवाले, औषधाचे दुकानदार एका सभागृहात जमतात, घंटा वाजवून सभा सुरू करतात, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतात आणि नेत्रशिबिरासाठी पैसे कुठून उभे करायचे याची चर्चा करतात, तेव्हा त्या सभेत या साऱ्या इतिहासाचा काही ना काही अंश असतो. सेवा क्लब ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट आहे, हे खरे. पण ज्या जमिनीत ती रुजली ती जमीन रिकामी नव्हती. आपल्याकडे दान होते, वर्गणी होती, मुष्टिफंड होता. मग क्लबाने नवे काय आणले, आणि जुन्यातून त्याने काय शिकायला हवे होते, याचा विचार आज करू या.

आधी खामगावच्या बाजाराकडे जाऊ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची पेठ इतकी वाढली की जलंबहून खास तिच्यासाठी रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली त्याचे उद्‍घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. अशा पेठेत कापसाची गाडी विकली की शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी यायची, तिच्यातून बऱ्याच रकमा आधीच वजा झालेल्या असत. अडत, तोलाई, हमाली ही नावे आजही आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्याच रांगेत आणखी एक नाव असे: धर्मादाय. गोरक्षण, पांजरपोळ, धर्मशाळा, देऊळ अशा कामांसाठी दर गाडीमागे किंवा दर व्यवहारामागे थोडी रक्कम कापून घेण्याची व्यापाराची रूढीच होती. भारतातल्या कितीतरी पेठांत ती होती.

या पैशातून चांगली कामे झाली नाहीत असे नाही. उन्हातान्हात आलेल्या प्रवाशाला धर्मशाळेचा आसरा मिळाला, भाकड गुरांना चारा मिळाला. पण एक प्रश्न उरतोच. दान केले कोणी? धर्मशाळेच्या दारावर नाव कोरले जाई ते शेटजींचे. पैसा मात्र थेंबाथेंबाने शेतकऱ्याच्या पट्टीतून आलेला असे. त्याला कोणी विचारले नव्हते आणि वर्षअखेरीस त्याला कोणी हिशेबही देत नव्हते. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला, तेव्हा बाजारात शेतकऱ्याकडून होणाऱ्या अशा नाना कपातींवर त्यात बोट ठेवले गेले.

गंमत अशी की बाजाराला शिस्त लावण्याचे देशातले पहिले प्रयोगही वऱ्हाडातच झाले. १८८६ साली कारंजा इथे नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी खास कायदा झाला आणि पुढे देशभरच्या बाजार समित्यांसाठी तो नमुना ठरला. पण त्या पहिल्या समित्यांवर वरचष्मा होता तो व्यापाऱ्यांचा. पिकवणाऱ्याला तिथे जवळजवळ जागाच नव्हती. ज्याचा पैसा, त्याला सभेत खुर्ची नाही. ही खुर्चीची गोष्ट लक्षात ठेवू या, कारण ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता दुसरी वाट पाहू. कापून घेतलेल्या दानाऐवजी मागून घेतलेले, आणि तेही प्रत्येकाला झेपेल एवढेच, अशी ही वाट. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि गावोगावच्या अशा पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. एका माणसाच्या एका पैशाने काचेचा तुकडाही आला नसता. पण त्या पैशामागे पावती होती, फंडाची समिती होती आणि देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय झाले हे तळेगावला जाऊन पाहता येत होते.

पैसाही नसेल त्याच्यासाठी मुष्टिफंड होता. घरच्या बाईने रोज दळायला किंवा शिजवायला धान्य काढताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने ते धान्य गोळा करायचे. गोव्यात पणजीला १९०८ साली निघालेल्या शिक्षणसंस्थेने तर मुष्टिफंड हेच नाव घेतले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि तिची वसतिगृहे चालवताना याच मुठीचा आधार घेतला. या पद्धतीत एक शहाणपण आहे. एकदम पोतेभर धान्य मागितले तर गरीब घर बिचकते. रोजची एक मूठ मात्र जाणवत नाही, आणि ती रोज टाकायची असल्यामुळे ज्या मुलासाठी ती काढायची त्याची आठवणही रोज होते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहायचे तर शेगाव. श्रीगजानन महाराज हयात असतानाच, सप्टेंबर १९०८ मध्ये, भक्तांनी संस्थानाचा विश्वस्त निधी स्थापन केला. महाराजांनी समाधी घेतली ती १९१० साली. म्हणजे लोकांनी अर्पण केलेल्या पैशाची व्यवस्था लावण्याचे काम महाराजांच्या डोळ्यांदेखत सुरू झाले. शेगावला गेलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो: तिथली स्वच्छता आणि तिथले सेवेकरी. पाळीपाळीने येऊन, पगार न घेता, पादत्राणे सांभाळण्यापासून पंगतीत वाढण्यापर्यंत पडेल ते काम करणारे हे लोक विदर्भातल्या गावागावांतून येतात. ही दानाची आणखी एक जात आहे. इथे माणूस पैशाऐवजी आपला वेळ देतो, आणि तो ठरलेल्या पाळीने देतो.

याच वऱ्हाडात गाडगेबाबा झाले. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमा झाले, धर्मशाळा उठल्या, पण बाबांनी तो पैसा स्वतःच्या नावावर ठेवला नाही. कारभार विश्वस्तांच्या हाती सोपवला आणि स्वतः खराटा घेऊन पुढच्या गावाला निघाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची शिस्त घालून दिली. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसायचे, हे त्या प्रार्थनेचे पहिले काम होते. एकत्र बसलेल्या माणसांना गावाचे बोलायला सुचतेच.

एवढी परंपरा घरात असताना शिकागोच्या चार माणसांनी वेगळे काय केले? त्यातला पॉल हॅरिस वकील होता. दुसरा कोळशाचा व्यापारी, तिसरा खाणींचा अभियंता, चौथा कपडे शिवून देणाऱ्या दुकानाचा मालक. मोठ्या शहरात माणसाला माणूस भेटत नाही, ओळखीपाळखी राहत नाहीत, म्हणून निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांनी नेमाने भेटावे, एवढाच पहिला हेतू होता. बैठक आज एकाच्या कचेरीत, तर पुढच्या वेळी दुसऱ्याच्या. अशी ती पाळीपाळीने फिरे, म्हणून नाव पडले रोटरी. सुरुवातीला तर सभासदांनी एकमेकांना धंदा मिळवून द्यावा, असाही बेत होता आणि कोणी कोणाला किती काम दिले याची नोंद ठेवली जाई. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण दिले गेले, तेव्हा त्याने स्पष्ट विचारले की, या क्लबाचा गावाला उपयोग काय? फक्त आपापसातल्या फायद्याच्या मंडळाला भवितव्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते पटले. त्यानंतर शिकागोच्या क्लबाने गावासाठी हाती घेतलेले पहिले मोठे काम होते सार्वजनिक स्वच्छतागृहाचे. पुढे जगभर पसरलेल्या एका संस्थेच्या सेवेची सुरुवात संडास बांधून घेण्याच्या खटपटीने झाली, हे ऐकून गाडगेबाबांना नक्कीच आनंद झाला असता.

लायन्सची कथा थोडी वेगळी, पण शहर तेच. विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांनी १९१७ साली शिकागोत वेगवेगळ्या व्यापारी मंडळांना एकत्र आणले आणि धंद्याच्या पलीकडे गावाचे पाहा, असे सांगितले. १९२५ साली अंध आणि मूकबधिर असूनही जगप्रसिद्ध झालेल्या हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी लढण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम हे लायन्सचे खास काम झाले. आपल्या गावात मोतीबिंदूच्या शिबिराच्या फलकावर लायन्सचे नाव इतक्या वेळा का दिसते, त्याचे मूळ तिथे आहे.

भारतात रोटरी आली ती कलकत्त्याला. १९१९ मध्ये तिथे सभा भरली आणि १९२० साली क्लबाला अधिकृत मान्यता मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ चा. लायन्स आले स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली. पुढे रेल्वेच्या आणि कापसाच्या, जिल्हा कचेरीच्या आणि महाविद्यालयांच्या गावांतून हे क्लब पसरत गेले.

आता गोखल्यांचा भारत सेवक समाज आणि हा क्लब शेजारी ठेवून पाहा. गोखले सभासदाकडून आख्खे आयुष्य मागत होते. मोजक्या मानधनावर राहायचे, देशकार्याला वाहून घ्यायचे. अशी माणसे थोडीच मिळणार, आणि थोडीच मिळाली. पण जी मिळाली ती सोन्यासारखी होती. क्लबाने संसारी माणसाकडे आयुष्य मागितले नाही. दवाखाना चालव, दुकान सांभाळ, मुलांची लग्ने कर. पण आठवड्यातला एक तास गावाला दे. आमच्या मुष्टिफंडाशी त्याचे नाते इथे जुळते. मडक्यात टाकायची ती मूठ धान्याची नाही, वेळेची आहे. आणि रोजच्या मुठीत जो नेम असतो तोच इथे सभेच्या हजेरीत आहे. रोटरीत हजेरीचा आग्रह पूर्वी फार कडक होता. आपल्या गावची सभा चुकली तर परगावच्या क्लबात जाऊन बसायचे आणि हजेरी भरून काढायची, अशी पद्धत होती. २०१६ साली हे नियम सैल झाले आणि महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालेल, असे ठरले.

बाहेरून पाहणाऱ्याला ही सभा कंटाळवाणी वाटते. घंटा, प्रार्थना, इतिवृत्त, वाढदिवसांच्या शुभेच्छा, सचिवांचे निवेदन, पाहुण्यांचे भाषण, आभार, राष्ट्रगीत. लायन्समध्ये तर टेल ट्विस्टर नावाचा एक पदाधिकारीच असतो. कोणी उशिरा आला, कोणी बिल्ला विसरला की हसतखेळत त्याला दंड करायचा आणि ते पैसे गोळा करायचे, हे त्याचे काम. पण या रूक्ष वाटणाऱ्या क्रमात एक जागा फार महत्त्वाची आहे: मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते ती. मागच्या वेळी अमुक माणसाने शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायचे ठरले होते. तो भेटला का? शिबिराची वर्गणी इतकी जमली होती. ती बँकेत भरली का? चारचौघांसमोर हा प्रश्न दर पंधरवड्याला येणार, हे माहीत असले की माणूस काम टाळत नाही. आपल्या गावातली कितीतरी चांगली कामे पहिल्या बैठकीच्या उत्साहात सुरू झाली आणि दुसरी बैठकच न झाल्यामुळे संपली. क्लबाने दिलेली नवी गोष्ट कुठली, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, दुसरी बैठक.

पैशाकडे वळू. तालुक्याच्या गावात निधी उभा करण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या नाटकाचा किंवा ऑर्केस्ट्राचा मदतीचा प्रयोग लावायचा आणि तिकिटांची पुस्तके सभासदांत वाटून द्यायची. महाविद्यालयाच्या मैदानावर आनंद मेळावा भरवायचा. कचोरीपासून उसाच्या रसापर्यंत स्टॉल लावायचे आणि गाळ्याचे भाडे घ्यायचे. हाउझीचा खेळ, नवरात्रातला गरबा, गृहोपयोगी वस्तूंचे प्रदर्शन. आणि या सगळ्यांच्या वर स्मरणिका. पदग्रहण समारंभ आला की स्मरणिका निघते. पूर्ण पानाची जाहिरात, अर्ध्या पानाची, आणि काहीच जमले नाही तर शुभेच्छुक म्हणून एक ओळ. गावातल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानदाराला विचारा; गणपतीच्या, देवीच्या, शाळेच्या संमेलनाच्या आणि क्लबाच्या पावत्यांचा गठ्ठा त्याच्या गल्ल्यात सापडेल. पुष्कळदा तो देतो ते कामासाठी नाही, तर मागायला आलेल्या माणसासाठी. डॉक्टर दारात आले आहेत, उद्या आपल्यालाच त्यांच्या दारात जायचे आहे.

अशा भिडेच्या पैशात धोका आहे. भीड घालून घेतलेला पैसा हा कापून घेतलेल्या धर्मादायाचा धाकटा भाऊ आहे. देणाऱ्याने मनापासून दिला नाही की तो हिशेब विचारत नाही, आणि हिशेब कोणी विचारत नाही म्हटल्यावर घेणाराही ढिला होतो. म्हणून या क्लबांनी घालून घेतलेला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. लायन्समध्ये दोन खाती वेगळी ठेवायची असतात. सभासदांच्या वर्गणीतून क्लबाचा कारभार चालवायचा, आणि लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा फक्त सेवेलाच लावायचा. पदग्रहणाचे जेवण, हार, फलक यांना त्या पैशाचा हात लागता कामा नये. नियम साधा आहे, पण तो पाळला जातो की नाही हे पाहायला सभेत खजिनदाराने उभे राहून दोन्ही खाती वाचून दाखवली पाहिजेत.

आपल्या राज्याच्या कायद्यानेही हे सूत्र मान्य केले आहे. १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला, धर्मादाय आयुक्तांची कचेरी निर्माण झाली आणि पुढे विदर्भालाही तो कायदा लागू झाला. त्याचे ५४ वे कलम आपल्या कापूसपेठेच्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. व्यापाराच्या रूढीप्रमाणे धर्मकार्यासाठी जी रक्कम आकारली जाते, तिला त्या कलमात धर्मादा म्हटले आहे. आणि ती आकारणारा व्यापारी त्या पैशाचा मालक नसून विश्वस्त आहे, त्याने दरवर्षी तिचा हिशेब सरकारदरबारी सादर केला पाहिजे, असे ते कलम सांगते. ज्या शेतकऱ्याच्या पट्टीतून पिढ्यान्‌पिढ्या रक्कम वजा झाली, त्याचा प्रश्न कायद्याने उशिरा का होईना, ऐकला.

नेमाने भेटण्यातून आणि थोडथोडक्या पैशांतून किती मोठे काम होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पोलिओचे आहे. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ घालवण्याची मोहीम हाती घेतली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि जगातली सरकारे त्यात उतरली. १९९५ पासून भारतात पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आपल्याकडे शाळेच्या ओसरीवर, बसस्थानकावर, आठवडी बाजारात टेबल मांडून बसलेले आरोग्यसेवक आणि अंगणवाडी सेविका आपण पाहिल्या आहेत. त्यांच्या बरोबरीने फलक लावणारे, गाड्या पुरवणारे, चहापाणी पाहणारे क्लबाचे लोक असत. ही मोहीम एका रविवारी संपणारी नव्हती. तीच मुले, तेच दोन थेंब, पुन्हा आणि पुन्हा. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशातला मोठा वाटा सरकारी यंत्रणेचा आणि त्या सेविकांचा, हे विसरू नये. पण एकच काम कंटाळा न करता वर्षानुवर्षे धरून ठेवायला जी सवय लागते, ती सभेच्या वहीतून येते.

रक्ताचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. ती आली नसती तर रक्तदान शिबिरांना आज जे महत्त्व आहे ते आले नसते. विकत मिळणारे रक्त बंद झाले म्हणजे ते कोणीतरी स्वेच्छेने द्यायला हवे, आणि ते देणाऱ्यांना बोलावून आणायला गावागावांत माणसे हवीत. महाविद्यालये, तरुण मंडळे आणि क्लब यांनी ते काम अंगावर घेतले.

मग सगळे आलबेल आहे का? तसे म्हणता येणार नाही. पहिली उणीव अशी की अर्धा समाज या सभेबाहेरच होता. रोटरीत बायकांना सभासद करून घेण्याचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८७ साली निकाल लागला आणि १९८९ साली रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. तोवर त्यांच्यासाठी वेगळे इनरव्हील होते, १९२४ साली इंग्लंडमध्ये निघालेले. मुष्टिफंडाची मूठ ज्या हातांनी टाकली ते हात बाईचे होते. हिशेबाच्या सभेत मात्र ती उशिरा पोचली.

दुसरी उणीव खुर्चीची. रोटरीची जुनी पद्धत अशी की एकेका व्यवसायातला एकेक माणूस सभासद करायचा, म्हणजे सभेत सगळ्या धंद्यांचा मेळ बसेल. कल्पना छान आहे. पण बुलडाणा जिल्ह्याचा सर्वांत मोठा व्यवसाय कोणता? शेती. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारा कोरडवाहू शेतकरी या सभांत किती दिसतो? सभा संध्याकाळी तालुक्याच्या गावात, जेवणाची वर्गणी शहरी, भाषा अर्धी इंग्रजी. मग मदत त्याच्यासाठी ठरते, पण त्याला विचारून ठरत नाही. १८९७ च्या बाजार समितीत जी खुर्ची रिकामी होती, ती इथेही बरेचदा रिकामीच असते.

तिसरी उणीव आपण सगळेच जाणतो. रुग्णालयात फळे वाटायची, वाटणाऱ्यांची रांग रुग्णांच्या रांगेपेक्षा मोठी, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. पदाधिकारी दर जुलैत बदलतात. प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षात काहीतरी नवे करून दाखवायचे असते. जुने चालू ठेवण्यात नाव होत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याची गरज तर चालू ठेवण्याचीच आहे. पाण्याचेच पाहा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांत खाऱ्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या आजाराची चिंता घरोघर आहे. तिथे शुद्ध पाण्याचे यंत्र बसवून फीत कापणे ही पहिल्या दिवसाची गोष्ट. त्याची गाळणी कोण बदलणार, विजेचे बिल कोण भरणार, बिघडले तर कोणाला फोन करायचा, ही पुढच्या दहा वर्षांची. घाटावर पावसाचे पाणी अडवण्याचा प्रश्न आहे. २०१८ साली भारतीय जैन संघटना आणि राज्य शासन यांनी मिळून जिल्ह्यात सुजलाम्‌ सुफलाम्‌ बुलडाणा ही मोहीम काढली. शंभराहून अधिक यंत्रे जिल्ह्यात आली, तलावांतला आणि बंधाऱ्यांतला गाळ निघाला आणि तो शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने वाहून शेतात टाकला. शेतकरी इथे हात पसरून उभा नव्हता, आपला वाटा उचलत होता. पण गाळ हा दर पावसाळ्यात पुन्हा येणारच. तलाव एकदा खोल केला की काम संपत नाही.

म्हणून मला असे वाटते की क्लबांनी आपल्याकडची सर्वांत मौल्यवान वस्तू ओळखावी. स्मरणिका, मेळावे, पदग्रहणाचा थाट हे कोणीही करील. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भरणारी, वही ठेवणारी सभा मात्र गावात फार थोड्यांकडे आहे. ती सभा वर्षातून काही वेळा संग्रामपूरच्या एखाद्या गावातल्या चावडीवर भरवता येईल. रोटरी या नावाचा मूळ अर्थ तरी तोच, फिरती सभा. ज्या गावात पाण्याचे यंत्र बसवले तिथल्या दोन बायकांना आणि एका शेतकऱ्याला त्या कामाच्या समितीत बसवता येईल. नव्या अध्यक्षाच्या पहिल्या सभेत नव्या योजनांच्या आधी मागच्या 3 वर्षांच्या कामांची यादी वाचता येईल: काय चालू आहे, काय बंद पडले, दुरुस्तीला किती लागतील.

आपण जे सभासद नाही, त्यांनाही करण्यासारखे एक काम आहे. पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात आले तर जमेल तेवढे द्यावे, पावती घ्यावी, आणि ती गल्ल्यात टाकून विसरू नये. वर्षाने तेच गृहस्थ पुन्हा येतील. तेव्हा त्यांना बसायला सांगावे, चहा द्यावा आणि विचारावे, गेल्या वर्षी दिलेल्या पैशाचे काय झाले? मन लावून काम करणाऱ्या खजिनदाराला या प्रश्नाचा राग येणार नाही. उलट, कोणीतरी विचारले, याचे त्याला बरेच वाटेल.